एक बाही कमी, एक बाही जास्त

मी लोकरीचा गुंडा बोलतोय. शपथेवर सांगतो, यापुढे जे बोलेन त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. माझा जन्म हिमालयात झाला. बर्फाच्या कडेला चरणाऱ्या एका गरीब, गोऱ्यापान मेंढीच्या पाठीवर मी लहानाचा मोठा झालो. थंडी मला अशी माहीत होती, की...

बरं, राहू दे. मेंढी मी जन्मात पाहिलेली नाही. मी अॅक्रिलिकचा. लुधियानाच्या कुठल्याशा गिरणीत एका यंत्राच्या तोंडातून बाहेर पडलो आणि माझ्या पोटावर एक कागदी पट्टी बांधली गेली. त्या पट्टीवर मेंढीचं चित्र होतं. मेंढीशी माझा संबंध तेवढाच. पण यापुढचं मात्र सगळं खरं आहे. म्हणजे, शेवटी एक कबुली द्यायची आहे, ती शेवटी देईन.

ही गोष्ट एका चौकटीची आहे. चार बोटं रुंद आणि सहा बोटं उंच. पनवेलच्या 'खाडीवारा' नावाच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी तिसऱ्या पानावर उजवीकडे ती छापून येते. वर लिहिलेलं असतं 'नवी तऱ्हा' आणि खाली हाताने काढलेली एक बाई, अंगात विणलेला टॉप. छत्तीस वर्षं ही बाई आनंदा काढतोय. यंदा ती चौकट त्याच्या हातून जवळजवळ गेलीच होती. ती कशी राहिली हे पुरतं फक्त दोघांना ठाऊक आहे. एक त्याची बायको चंद्रावती, आणि दुसरा मी.

पहिल्यापासून सांगतो.

आम्ही सहा गुंडे, मोरपंखी रंगाचे. पनवेलच्या कापड बाजारातल्या एका दुकानात काचेमागे घाम गाळत बसलो होतो. होय, घामच. पनवेलमध्ये थंडी आठ दिवस पडते, तीही लाजत लाजत. अशा गावात लोकर विकायला बसणाऱ्या दुकानदाराचं धाडस मोठं. पण बायकांचं त्याहून मोठं. त्या आठ दिवसांची तयारी इथल्या बायका बारा महिने करायच्या.

काळुंद्रे गावची वीस वर्षांची चंद्रावती एकदा दुकानात आली. तिने आम्हाला एकेक करून गालाला लावून पाहिलं, सहाही जणांना उचललं आणि घरी नेलं. शिवणाच्या वर्गात ती विणकाम शिकली होती. तिची एक खोड होती, जी पुढे सगळ्या पनवेलला माहीत झाली. चित्रात जसं छापलंय तसंच ती विणायची. चित्रात गळ्याखाली सात टिंबं असतील तर सात बटणं. सहा नाही, आठ नाही. मैत्रिणी म्हणायच्या, "चंद्रे, तुजं डोकं कुटं गेलं?" ती म्हणायची, "डोकं छापनाऱ्याचं. आपले हात."

तेव्हा 'खाडीवारा'त 'नवी तऱ्हा' नुकतीच सुरू झाली होती. त्या शुक्रवारी चित्र आलं होतं एका ऐटबाज बाईचं. होडीसारखा पसरट गळा, अंगभर जाळीची वीण, पुढे लांब बाही. बाई जराशी वळून उभी होती आणि तिचा डावा हात पाठीमागे होता.

चंद्रावतीने कात्रण कापून वहीत चिकटवलं आणि विणायला बसली. दोन सुलट, दोन उलट, मग जाळी. बारा दिवसांत टॉप झाला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, उजवी बाही झाली. डावीकडे मुंढ्याला छान किनार काढून तिने टाके बंद केले.

एकच बाही! चित्रात दुसरी होती कुठे?

दुसऱ्या दिवशी तो टॉप अंगात घालून, वरून ओढणी घेऊन, हातात विणकामाची पिशवी घेऊन ती टपाल नाक्याजवळच्या छापखान्यात गेली. साप्ताहिकाचे मालक-संपादक दयारामशेठ चष्मा कपाळावर चढवून मजकूर वाचत होते. कोपऱ्यात एक सडपातळ माणूस शाईच्या बाटलीत टाक बुडवत होता.

"चित्र कोनी काडलं?" चंद्रावतीने दारातूनच विचारलं.

"का गं? काय झालं?" दयारामशेठ म्हणाले.

तिने ओढणी बाजूला केली. दयारामशेठनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला.

"बाईचा दुसरा हात कुटं गेला?"

कोपऱ्यातला माणूस उठून उभा राहिला. कान लाल झालेले. "मागं हाय तो. पाठीमागं."

"मंग मागचं चित्र कुटं हाय?"

"मागचं... नाय काडत कोन."

"मना कसं कलनार, मागं बाही हाय का नाय? मी तुमच्या बाईच्या मागं जाऊन बगू?"

दयारामशेठ एवढे हसले की टेबलावरचे सगळे कागद खाली. तो माणूस म्हणजे आनंदा. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर होड्यांवर नावं रंगवायचा. अक्षर सुरेख, म्हणून दयारामशेठनी त्याला पनवेलला आणलं आणि चित्रं काढायला बसवलं. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं, "खरं सांगू? मना हात जमत नाय. बाकी सगलं जमतं. आत्तापातूर होड्याच रंगवल्या. होडीला हात नसतात ना."

त्याच्या चित्रांतल्या सगळ्या बायका पाहा. कुणाचे हात खिशात, कुणाचे कुंडीमागे, कुणाचे पदराखाली. एकीच्या पुढ्यात तर त्याने दोन्ही हात झाकायला अख्खं मांजर बसवलं होतं. विणलेल्या टॉपचा आणि त्या मांजराचा काही संबंध नव्हता, तरी त्या आठवड्यात चंद्रावतीने पोटावर मांजर विणलं. पण ते नंतर.

"बाही मी देतो," आनंदा म्हणाला.

आणि त्याने दिली. पुढच्या रविवारी तो काळुंद्र्याला हजर झाला, हातात एक मोरपंखी गुंडा घेऊन. आमच्यासारखाच दिसणारा, पण एक छटा फिका. लोकरीचं असंच असतं, एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी जुळत नाही. दारात चंद्रावतीचे वडील काशिराम बसले होते.

"कोन पाहिजे?"

"मी बाही द्यायला आलोय," आनंदा म्हणाला.

काशिरामनी त्याच्याकडे बघितलं, गुंड्याकडे बघितलं, आत लेकीकडे बघितलं. "चहा ठेव गो," ते म्हणाले. लग्न तिथेच ठरलं असं गावात अजून सांगतात.

तो टॉप चंद्रावतीने लग्नानंतर मिरवला. उजवी बाही गडद, डावी फिकी. बायकांना वाटलं ही नवी तऱ्हा. त्या हिवाळ्यात, म्हणजे त्या आठ दिवसांत, पनवेलच्या बाजारात निम्म्या बायका दोन रंगांच्या बाह्या घालून हिंडत होत्या. एक बाई तर माझ्यासमोर दुकानदाराशी भांडली, "मना न जुलनारा रंग द्या. हा जुलतोय."

मग पुढच्या तऱ्हा आल्या आणि एक दिवस मला उसवलं.

उसवणं म्हणजे काय, हे ज्याला उसवलंय त्यालाच कळतं. तुम्हाला वाटतं लोकरीला दुखत असेल. छे! गुदगुल्या होतात. सर्रर्र करून एकेक ओळ सुटत जाते. फक्त अंगाला वळ्या पडतात, केसांना पडाव्यात तशा. मग लडी करायची, धुवायची, वाळवायची की पुन्हा सरळ. लडी धरायला दोन हात लागतात आणि ते हात कायम आनंदाचे. तो समोर पाटावर बसायचा, दोन्ही पंजे उभे करून, मी त्यांच्यावर आडवा, आणि चंद्रावती गुंडाळायची. दर वेळी म्हणायची, "एवडे दोन हात समोर धरून बसता, बगून काडा की."

"काडायला हात मोकला कुटं हाय?" तो म्हणायचा. मग ती मला आणखी भराभर गुंडाळायची.

असा मी सहा-सात जन्म जगलोय. चंद्रावतीची ती कात्रणांची वही पाहा, तऱ्हा कशा बदलल्या ते कळेल. गळे खाडीच्या पाण्यासारखे. चढले की हनुवटीला टेकतात, उतरले की तिच्या सासूबाई तोंड फिरवतात. आधी बाह्या लांब, मग फुगीर, मग आखूड, मग नाहीतच. मग खांद्याला खिडक्या.

फुगीर बाह्यांच्या दिवसांतली एक हकिकत सांगतोच. आनंदाने त्या बाह्या काढल्या त्या आपल्या हातच्या, म्हणजे शिडासारख्या. चंद्रावतीने विणल्या तशाच शिडासारख्या, मनगटापासून कमरेपर्यंत एकच पडदा. तो टॉप घालून ती मोऱ्याहून लाँचने मुंबईला निघाली, नणंदेकडे. समुद्रात लागला वारा. तिने केस सावरायला हात वर केले मात्र, लाँच अशी सुटली की इंजिन मागे राहिलं आणि लाँच पुढे. लाँच चालवणारा तांडेल ओरडला, "वैनी, हात खाली घ्या! धक्क्यावर आदलू!"

आता इंजिन मागे राहिलं नसेल, ते लाँचलाच जोडलेलं असतं. पण तांडेल ओरडला होता हे खरं.

मग त्यांची मुलगी स्नेहल मोठी झाली. ती खारघरला कॉलेजात जाऊ लागली आणि मी पोंचू झालो. तिथल्या मुली विचारायच्या, "कुठून घेतलास?" ती म्हणायची, "इंपोर्टेड आहे." मी गप्प. मग खांद्यांच्या खिडक्या आल्या. चंद्रावती म्हणाली, "भोकंच पाडायची तं विनायचं कशाला?" पण चित्रात होत्या, म्हणून विणल्या. मग तऱ्हा एवढी आखूड झाली की टॉप बेंबीपर्यंत पोचेना. आनंदाने चित्र काढलं, चंद्रावतीने विणलं, स्नेहलने घातलं, आणि आनंदा म्हणाला, "राह्यलेलं कुटं हाय?"

"तुमीच काडलंय," माय-लेकी एकदम म्हणाल्या.

त्या वर्षी माझा निम्मा भाग कपाटात झोपून होता.

एव्हाना ती दोघं नवीन पनवेलच्या एका इमारतीत राहायला आली होती. तिथे चंद्रावतीचा नियम बसला. शुक्रवारी चित्र आलं की शनिवारी दुपारी सुईवर. शेजारच्या सहा-सात जणी आपापली लोकर घेऊन यायच्या, हेतल आणि रंभा तर जेवून तशाच. वही मधे ठेवायची, चित्रावर बोट ठेवून भांडायचं, मग विणायचं. वर्षातून एकदा, 'खाडीवारा'च्या वर्धापनदिनाला, या बायका त्या वर्षीचे टॉप घालून सभागृहात ओळीने बसायच्या. आनंदा शेवटच्या रांगेतून बघायचा. त्याला कुणी हार घातला नाही कधी, पण त्या ओळीकडे बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की हाराला जागाच उरली नसती.

आणि मग यंदा केतनने त्याला बोलावलं.

केतन म्हणजे दयारामशेठचा मुलगा. शेठ आता ऐंशीचे, कारभार याच्याकडे. मुलगा वाईट नाही, तोंडावर गोड आहे आणि मनानेही. आनंदा काय झालं ते घरी येऊन सांगत होता आणि मी खुर्चीवर पडून ऐकत होतो.

"म्हनाला, काका, आता तुम्ही रेस्ट घ्या. कॉम्प्युटरला नुसतं सांगायचं, लेडीज टॉप, लेटेस्ट. दोन मिनिटांत दहा इमेज. कलर पन. पुडच्या शुक्रवारपासून तसंच."

"तुमी काय बोल्लात?"

"काय बोलनार? बरं म्हनलो."

त्याने टाकांची डबी टेबलावर ठेवली. बसून राहिला. चंद्रावतीने ताट वाढलं, तो दोन घास खाऊन उठला. गुरुवार आला. गुरुवारी तो कायम चित्र पुरं करायचा, शाई वाळेपर्यंत कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही, वाळली की आधी चंद्रावतीला दाखवायचा. त्या गुरुवारी तो खिडकीत उभा राहून समोरच्या इमारतीच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे बघत होता. एकदाच म्हणाला, "चौकट गेली तं मी कोन गं? होडीवर नावं लिवनारा, आनि आता होड्या पन स्टिकर लावतात."

चंद्रावती शेजारी विणत बसली होती. पण तिच्या हातातल्या सुया थांबल्या. मला त्या थांबलेल्या कळतात.

शुक्रवारी पेपर आला. रंगीत बाई, गोरी, हसणारी. अंगात टॉप, कानापासून कानापर्यंत गळा, पोटावर वेणीची वीण. चंद्रावतीने चष्मा लावला, मग चष्म्यावर भिंग धरलं.

"ही वेनी बगा. खालून आली, हितं बुडाली. परत वर नाय आली."

"राहू दे," आनंदा म्हणाला.

"बटनं हायत, काजं नाय."

"राहू दे गं."

"बोटं मोजा."

आनंदाने भिंग घेतलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. त्याने परत मोजली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "याला पन हात जमत नाय," तो म्हणाला, अगदी मायेने. एका कारागिराने दुसऱ्याबद्दल म्हणावं तसं.

पण बोटं मोजायला पेपर कोण घेतं? केतनला फोन आले, "रंगीत छान दिसतंय." चुका खऱ्या होत्या, पण त्या चुकांवर कुणी हसलं नाही. आणि हसू आल्याशिवाय पनवेल कशाचीच दखल घेत नाही.

आठ दिवसांनी केतनच घरी आला, पेढे घेऊन. "काकू, वर्धापनदिन जवळ आला. यंदा नवीन इमेजवरून टॉप तुम्हीच विणा. स्टेजवर दाखवू. लोकांना कळलं पाहिजे, चित्र कुणाचंही असो, 'खाडीवारा'तलं विणता येतं."

"विनते की," चंद्रावती म्हणाली. "पन मी छापलंय तसंच विनते हां."

"तेच तर हवंय, काकू!"

आनंदा आत निघून गेला. त्याला वाटलं, घरचंच माणूस उलटलं. शनिवारी रंभा आणि हेतलनेही तिला टोकलं, "काकी, आपल्या काकांची चौकट गेली आणि तुम्ही त्यांचंच विणताय?" तिने सुईवर टाके घालायला सुरुवात केली आणि म्हणाली, "मोजते मी, बोलू नका."

मला विणायला घेतलं. पाठ झाली. पुढचा भाग झाला, बुडालेल्या वेणीसकट. उजवी बाही, डावी बाही. आणि मग तिने पुन्हा सुईवर टाके घातले.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत दयारामशेठ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आनंदा यायला तयार नव्हता. स्नेहलने त्याला हाताला धरून आणून शेवटच्या रांगेत बसवलं होतं. केतन माइकवर म्हणाला, "आता आपल्या लाडक्या काकूंनी विणलेला, नव्या युगाचा टॉप!" आणि त्याने पिशवीतून मला काढून दोन हातांत उलगडलं.

मागच्या रांगा बघायला उठून उभ्या राहिल्या.

दोन बाह्या दोन बाजूंना होत्या. तिसरी डाव्या मुंढ्याखालून, जरा पुढून निघाली होती, मनगटाला नीट किनार काढलेली.

"काकू... हे काय?"

"बाही."

"तिसरी?"

चंद्रावती स्टेजवर चढली. वहीतलं कात्रण उघडून तिने त्याच्यासमोर धरलं आणि बाईच्या डाव्या कुशीवर बोट ठेवलं. "मंग हे काय हाय? तूच सांग, बाबा. तुजं चित्र हाय."

केतनने चित्र जवळ घेतलं. लांब धरलं. तिरकं केलं. त्या जागी काहीतरी लांबट लोंबत होतं, टॉपच्याच रंगाचं. "ही... स्लीव्ह आहे वाटतं," तो हळू म्हणाला. पण समोर माइक होता.

"मना पन तसंच वाटलं," चंद्रावती म्हणाली.

आधी रंभा हसली. मग हेतल. मग बायकांची ती अख्खी ओळ. आणि मग दयारामशेठ, छत्तीस वर्षांपूर्वीसारखे, काठी खाली पडेपर्यंत. "केतन," ते म्हणाले, "घाल."

"बाबा, अहो..."

"घाल म्हणतो ना."

आणि पोराने घातला. इथे मी त्याला मानतो. दोन हात दोन बाह्यांत गेले, तिसरी पोटाशी लोंबत राहिली. पहिल्या रांगेतले दोघे-तिघे येऊन तिसऱ्या बाहीशी हस्तांदोलन करून गेले. केतन स्वतःही हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हसू ओसरल्यावर दयारामशेठनी माइक मागवला. "मला एक सांग. आनंदानेही एकदा असाच घोळ घातला होता. एक बाही कमी काढली होती. तेव्हा एक पोरगी ती अंगात घालून माझ्या छापखान्यात भांडायला आली. पुढे तीच त्याची बायको झाली, आणि तेव्हापासून त्याचं प्रत्येक चित्र घरी आधी बायकोच्या बोटाखालून जातं, मग माझ्याकडे येतं. तुझ्या कॉम्प्युटरला बायको आहे का?"

"नाही, बाबा."

"मग त्याच्या चुका घरातल्या घरात कोण धरणार?"

केतन शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला, तसाच, तीन बाह्यांनी. "काका," तो म्हणाला, "गुरुवारी चित्र द्या." आणि आनंदाच्या हातात तिसऱ्या बाहीचं टोक दिलं, हात मिळवावा तसं. आनंदाने ते दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ सोडलं नाही. मी होतो ना तिथे, मला कळलं त्याचे तळवे ओले होते.

गुरुवारी त्याने चित्र दिलं. चौकटीत एक बाई बसलीय, अंगात मोठा, सैल, गुडघ्यापर्यंतचा टॉप. सध्या तीच तऱ्हा आहे. आणि बाईचे दोन्ही हात समोर, उघडे. अंगठे जरा जाड झालेत, होडीवाल्याचे वाटतात, कारण समोर धरून बघायला त्याला स्वतःचेच हात मिळाले. डावा बघून झाला की टाक त्या हातात घ्यायचा आणि उजवा बघायचा. बोटं पाच-पाच आहेत. चंद्रावतीने मोजली.

आणि आज शनिवार. मला उसवलंय. धुऊन, वाळवून मी लडी होऊन आनंदाच्या पंज्यांवर पडलोय आणि समोर चंद्रावती मला गुंडाळतेय. रंभा, हेतल अजून यायच्यात. वय झालंय माझं. कुठे कुठे विरलोय, दोन ठिकाणी गाठी आहेत. तुमच्याकडे एवढंच मागतो. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी जुन्या तऱ्हेचा पडला असेल, तर त्याला कात्री लावू नका, फरशी पुसायला घेऊ नका. एक टोक शोधा आणि ओढा. आम्हाला उसवलेलं चालतं. आम्ही परत नवे होतो.

आता ती कबुली.

या सगळ्यात खोटं एकच होतं. केतनच्या त्या चित्रात तिसरी बाही होती, असं मी तुम्हाला भासवलं. नव्हती. ती ओढणी होती. खांद्यावरून घेतलेल्या ओढणीचं टोक, कुशीशी लोंबणारं. जिने जन्मात एकदा ओढणी घेतलीय तिला ते लगेच कळेल. चंद्रावतीला पहिल्याच दिवशी भिंगातून कळलं होतं. केतनने ओढणी कधी घेतली असेल? आणि त्या ओळीतल्या बायका? त्यांनाही कळलं होतं. म्हणून तर त्या आधी हसल्या.

जन्मभर छापलंय तसंच विणणाऱ्या बाईने एकदाच न छापलेलं विणलं. मीच ती बाही होतो, म्हणून मला माहीत.

आत्ता, मी हे सांगत असताना, आनंदाची नजर टेबलावरच्या उघड्या वहीकडे गेलीय. हात गुंतलेत, म्हणून तो मान वाकडी करून बघतोय.

"चंद्रे," तो म्हणतो, "ही ओडनी हाय."

"असंल."

"तुना ठावं होतं?"

"मना काय कलतंय त्यातलं? छापलं तसं विनलं."

तो हसतो. माझ्यासकट त्याचे हात हलतात. मग थांबतो. काहीतरी जुनं त्याच्या डोक्यात आलंय, मला त्याच्या बोटांतून कळतं.

"आनि ती पयली? एका बाहीची? तवा पन?"

त्या दिवशी ती छापखान्यात आली तेव्हा टॉपला पाच गुंडे लागले होते. सहावा तिच्या पिशवीच्या तळाशी होता, अख्खा, पट्टीसुद्धा न काढलेला, एका बाहीला आरामात पुरेल एवढा, मुद्दाम मागे ठेवलेला. तो सहावा मी. छत्तीस वर्षांत मी हे कुणाला बोललो नाही आणि आताही बोलणार नव्हतो.

चंद्रावती मान वर करत नाही. तिचे कान मात्र लाल झालेत, तेव्हा त्याचे झाले होते तसे.

"बोलू नका," ती म्हणते. "टाके मोजते मी."

सुईवर एकही टाका नाही. मी सगळाच्या सगळा त्याच्या हातांवर आहे.